वाट चुकलेली शीर

घास चावला की सरांची उजवी पापणी वर उडायची. एरवी ती अर्धी मिटलेली असे. स्टाफरूममध्ये ते भिंतीकडे तोंड करून जेवत. कुणी बघताना सापडलंच तर म्हणत, "शीर चुकली, दुसरं काय."

अशा माणसाकडे आपण बघत नाही असं दाखवतो आणि बघतो. मीही तेच करत होते. कसालच्या पुढे हायवेलगत आमचं कॉलेज. मी रसायनशास्त्र शिकवायचे, ते प्राणिशास्त्र. प्रयोगशाळेत त्यांनी बाटल्यांमधून फळमाश्या पाळल्या होत्या, पिकल्या केळ्यावर जमतात त्या बारीक. वास यायचा, मुलं हसायची. जबड्याकडे जाणारी शीर, म्हणजे मज्जातंतू, जन्माआधीच त्यांच्या पापणीत शिरली होती. वाढणारी शीर आपला स्नायू कसा शोधते, हे माशीच्या अळीत बघता येतं. मुंबईला जाऊन ते तेच शिकून आले होते.

हे कुणासाठी, ते कुणकेश्वरच्या यात्रेला मी त्यांच्या घरी जेवले तेव्हा कळलं. त्यांची आई मासे विकणारी, बोलकी. पण मुलाला वाढलं आणि ती पाठ करून बसली. मला हळूच म्हणाली, "ह्यो पोटात होतो तेवा मिया गिराणात मासो कापलंय गो बाय." गरोदर बाईनं ग्रहणात काही कापलं की मुलात खोट येते, अशी तिची समजूत.

सरांनी ताट सारलं, फोटो आणले. "आये, हां बघ. माशीचा पिल्लू. ही शीर चाचपत जाता. मांसार खूण आसता, थंय थांबता. ह्या दुसऱ्यात खूणच नाय, म्हणान भलतीकडे गेली. मगे हिच्या आवशीन, माशीच्या आयेन, गिराणात काय कापल्यान?"

आईनं दुसरा फोटो डोळ्यांजवळ धरला.

"हिका पण आवस आसतली," ती म्हणाली. "तिका रे कोणी समजावल्यान?"

परतताना एसटीत ते एवढंच बोलले, "पुढच्या वेळी आणखी सोपं करून सांगतो."

पुढची वेळ आली नाही. भातलावणीच्या दिवसांत ताप आला आणि ते गेले. सुटलेल्या काही माश्या मात्र पुढे कितीतरी दिवस प्रयोगशाळेच्या भिंतीवर, माझ्या चहाच्या कपावर येऊन बसत. मी हात उगारत नसे.

मी भेटायला गेले तेव्हा आई रडली नाही. म्हणाली, "बाय, त्या माश्यांका आता खावक कोण घालता?"

तिनं घडातली दोन पिकली केळी तोडून माझ्यापुढे धरली. कॉलेजात बाटल्या केव्हाच धुऊन पालथ्या घातल्या होत्या.

मी केळी घेतली.