दुसरीचा मुलगा

टोबॅगो बेटावरच्या कस्टारा गावात मातीच्या भट्टीवर पाव भाजण्यात युलालीची तीस वर्षं गेली. नवरा मासेमारीला गेला तो समुद्रातच राहिला. एकुलत्या केर्विनला तिने त्या भट्टीवरच वाढवलं. विसाव्या वर्षी तो समुद्रापलीकडच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरात बंदरावर कामाला लागला. सहा आठवडे त्याचा फोन लागेना, आणि मग पोलिसांचाच आला: एक बेवारस देह सापडलाय, ओळख पटवायला या.

शेजारणी सोबत यायला निघाल्या होत्या. युलालीने नको म्हटलं. सोबत कुणी असलं की धीर सुटतो, असं तिचं मत.

सकाळच्या बोटीने ती शहरात उतरली. चारच्या बोटीने परतायचं होतं. शार्लट स्ट्रीटच्या गर्दीत एका फेरीवालीने निळा झगा तिच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "घ्या मावशी, मुलाच्या लग्नात उठून दिसाल." युलालीने तो नीट घडी करून परत दिला.

शवागाराबाहेरच्या बाकावर शहरातल्याच मॉरव्हांट वस्तीतली मर्ल बसली होती, तोच देह ओळखायला आलेली. तिचाही मुलगा, डेक्स्टर, दहा दिवस घरी आला नव्हता. युलालीने घरचा पाव काढून अर्धा तिला दिला. खाता खाता मर्ल मुलाबद्दलच बोलत राहिली. नवव्या वर्षी आंब्यावरून पडला, डावं मनगट वाकडंच जुळलं, तरी क्रिकेट सोडलं नाही कार्ट्याने.

युलालीला आधी आत बोलावलं. पाण्यात राहून चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. केर्विनच्या पोटावर ऑपरेशनचा व्रण होता. इथे नव्हता. तिच्या जिवात जीव आला, आणि त्याच क्षणी तिची नजर डाव्या मनगटावर गेली. ते वाकडं होतं.

ती बाहेर येऊन बाकावर बसली.

"तुझा आहे?" मर्लने विचारलं.

"नाही."

"मग देवाचे आभार मान आणि ऊठ, बाई. बोट चुकेल तुझी."

"चुकू दे."

तेवढ्यात आतून मर्लचं नाव पुकारलं. युलालीही तिच्याबरोबर उठली.

"तुला कुठे बोलावलंय?" मर्लचा आवाज चिरकला.

"मी बघून आलेय. एकटी जाऊ नकोस."

मर्लने युलालीचा दंड इतका घट्ट धरला, की पुढे आठवडाभर तो काळानिळा होता.

डेक्स्टरचं दफन होईपर्यंत युलाली मॉरव्हांटलाच राहिली. देह आपल्या मुलाचा नाही हे कळताच आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, ही गोष्ट तिला खात होती. शेवटी तिने ती मर्लला सांगून टाकली. मर्ल म्हणाली, "मलाही वाटलं असतं."

केर्विनचा अजून पत्ता नाही. पोलिसांनी त्यानंतर दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा देह भलत्याच कुणाचा निघाला. दोन्ही वेळा युलाली बोटीतून उतरली, तेव्हा मर्ल धक्क्यावर उभी होती.