चिंगीची नाचणीची बिस्किटं

टेम्पोत कपाट, पिंप, गाद्या चढवून झाल्या आणि सगळ्यात शेवटी बाबांनी चिंगीला उचलून मांडीवर घेतलं. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातलं आमचं शेत गोदामाला गेलं, पाठोपाठ घरही. आई आधीच वारली होती. म्हणजे निघालो ते तिघंच: बाबा, मी आणि ही म्हातारी कुत्री. तुम्ही गावातले बरेचजण रस्त्याकडेला उभे होतात. काहींचे टेम्पो आमच्या मागोमाग निघायचे होते. बाबांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

भिवंडीत तिसरा मजला, खाली दिवसभर कापडाच्या लूमचा खडखडाट. गावी चिंगी बांधावर हिंडायची, भाकरी आणि मासळीचं डोकं खायची. इथं तिनं खाणंच टाकलं. मग बाबांनीही. ताट पुढे ठेवलं की विचारायचे, "तिनं खाल्लं काय?" मी नाही म्हटलं की ताट सरकवायचे. ड्युटीवरून येऊन जिना चढताना मनात एकच यायचं. दार उघडल्यावर दोघांपैकी कोण उरलं असेल?

गुरांचे डॉक्टर म्हणाले, यकृत सुजलंय. मीठ, तेल, साखर, बाजारची बिस्किटं बंद, घरचंच काहीतरी द्या. पण भात तिनं हुंगलाही नाही. मी जिन्यातच रडत बसले.

समोर सलमाचाची राहायच्या. त्यांच्या घरात कुत्रा चालत नसे. उंबऱ्यात उभं राहूनच त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "भाजून दे गं. भाजल्याच्या वासाला जनावर येतं." नानखटाई भाजायचं त्यांचं जाड पातेलं त्यांनी मला दिलं. तळाला वाळू पसरायची, ती तापली की वर ताटली ठेवून झाकण घालायचं.

मी नाचणीच्या पिठात उकडलेला लाल भोपळा आणि अंडं मळलं, वाटीनं गोल पाडले. पहिली खेप करपली, दुसरी आत कच्ची राहिली. तिसरीचा खरपूस वास सुटला तशी चिंगी लटपटत स्वयंपाकघरात आली आणि माझ्या हातातलं बिस्कीट खाऊ लागली. खाटेवरून बाबा म्हणाले, "मला पण दे एक." ना मीठ, ना गूळ. तरी दोन खाल्ली.

तो हिवाळा आम्ही तसा काढला. एका सकाळी चिंगी उठलीच नाही. बाबांनी तिला आपल्या पंच्यात गुंडाळलं. "शेतावर नेऊ," एवढंच बोलले. रिक्षानं पूर्णाला गेलो. फाटकाच्या आत नजर जाईल तिथवर सिमेंट आणि ट्रक. वॉचमन भला माणूस होता. त्यानं पंच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "चाचा, यहाँ मिट्टी ही नहीं बची."

आम्ही तिला घेऊन परत आलो. बाबा गाठोडं मांडीवर घेऊन जिन्यात बसले, उठेनात. सलमाचाचींनी भावाला बोलावलं. भावाच्या कारखान्यामागे, शेवग्याखाली थोडी मोकळी जमीन होती. लूम थांबवून कामगारांनी खड्डा खणला. बाबांनी पंचा तसाच आत ठेवला.

घर म्हणजे काय, हे इतक्या वर्षांनी मलाही धड सांगता येत नाही. तुम्हाला येतं का? परवा वज्रेश्वरीच्या देवळात तुमच्यापैकीच कुणी, ओळख न पटल्यानं, बाबांना विचारलं, गाव कुठलं तुमचं? आजवर ते पूर्णा म्हणायचे. या वेळी भिवंडी म्हणाले.