खडूचा तुकडा

आज सकाळी मोबाईलवर एका पुढाऱ्याचं लांबलचक निवेदन वाचलं. वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य आपल्याला प्राणाहून प्रिय आहे, असं त्यात होतं. वाचता वाचता आमच्या गावच्या वाचनालयाबाहेरचा काळा फळा आठवला.

वडील शाळेत जाण्याआधी त्यावर गावची बातमी लिहायचे. सदऱ्याच्या बाहीवर दिवसभर पांढरी भुकटी असायची. लिहून झालं की फळ्याखाली खडूचा एक तुकडा ठेवायचे. ज्याला बातमी पटली नाही, त्याने खाली आपलं म्हणणं नावानिशी लिहावं, एवढाच नियम.

एकदा त्यांनी लिहिलं, नव्या नळाला पाणी नाही. संध्याकाळी खाली नगराध्यक्षांच्या सहीचं उत्तर होतं, "गुरुजी धादांत खोटं लिहितात." मी तावातावाने फडकं उचललं, तर वडिलांनी माझा हात धरला.

"राहू दे, पोरी. ते पुसलंस, तर वरचं माझं कोण खरं मानेल?"

तेव्हा मला त्यांचाच राग आला होता.

पुढाऱ्याच्या निवेदनाखाली लिहिलं होतं, प्रतिक्रिया बंद. तरी माझं बोट कितीतरी वेळ खाली खाली सरकत राहिलं, खडू शोधत.