रत्नाबाईंच्या पोकळ गिटारी

वासुदेवराव गभणे यांची तेरवी आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी नाट्यमंडळाचे लोक त्यांच्या दोन गिटारी न्यायला आले. १९७९ साल होतं, दिवाळी नुकतीच झाली होती. माझे यजमान मोहाडीजवळच्या त्या गावात ढोरांचे डॉक्टर होते आणि आम्ही गभण्यांच्या शेजारीच राहायचो. त्यामुळे त्या दुपारी मी त्यांच्या पत्नी रत्नाबाईंच्या ओसरीवर होते.

आमच्याकडे धान घरात आलं की गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई त्या गावात लेकी, जावई, सोयरे जमतात आणि रात्री नाटक होतं. त्या नाटकांना वासुदेवराव गिटार वाजवत. तरुणपणी ते नागपूरच्या एका बँडमध्ये होते. तो बँड मोडला तेव्हा मालकाने या दोन जुन्या गिटारी त्यांना दिल्या. विजेवर चालणाऱ्या, पण आतून पोकळ, सारंगीसारख्या फुगीर, पोटावर दोन वळणदार फटी. रंग काकवीचा. वायर रेडिओच्या मागच्या भोकात घातली की आवाज रेडिओतून येई. ग्रामोफोन जोडायला जुन्या रेडिओंना ती भोकं असत.

मंडळाचे अध्यक्ष पुंडलिकराव यांची गावात पिठाची चक्की होती. बाजेवर बसून त्यांनी आधी वासुदेवरावांची खूप स्तुती केली. मग म्हणाले, वासुदेव मंडळाचा माणूस होता, तेव्हा वाद्यंही मंडळाचीच समजायची.

"घरात ठेवून काय करान वहिनी? लोणचं भरान का त्यात?"

"वाजवीन," रत्नाबाई म्हणाल्या.

सोबतचे दोघे हसले. पुंडलिकराव हसले नाहीत. बाईमाणसाच्या हातची ती चीज नाही, असं त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं. रत्नाबाई आत गेल्या, एक गिटार घेऊन आल्या आणि तिथेच दाराशी बसून वाजवू लागल्या. धानाच्या रोवण्याच्या वेळी बाया चिखलात उभ्या राहून म्हणतात, तसलं एक गाणं होतं. पंधरा वर्षं नवऱ्यासमोर बसून त्या शिकल्या होत्या, हे घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. वायर जोडलेली नव्हती, त्यामुळे आवाज बारीक होता, पण ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना तो नीट ऐकू गेला.

"वाजवता, मान्य," पुंडलिकराव उठत म्हणाले. "पण मंडळाच्या संगतीत बाई बसत नाई. अन् त्यातही..." पुढचं ते बोलले नाहीत. रत्नाबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे मात्र त्यांनी पाहिलं.

"मी नाई बसत. माझं वाजवणं त बसन ना?"

त्याचा अर्थ मला दोन दिवसांनी कळला. त्या आमच्याकडे आल्या आणि यजमानांनी नागपूरहून आणलेला टेपरेकॉर्डर मागू लागल्या. घरीच वाजवून कॅसेट भरायची आणि मंडईला ती भोंग्यावर लावायची, असं त्यांनी ठरवलं होतं. एकदा गाव स्वतःच्या कानांनी ऐकेल तेव्हा गिटारी कोणाच्या हे विचारायला कोणी येणार नाही, असा त्यांचा हिशेब. मी टेप घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागले. बटण दाबायचं काम माझं.

जागा ठरली मागची खोली. तिथे धानाने भरलेल्या गोणपाटाच्या कट्ट्या एकीवर एक रचलेल्या असत, त्यामुळे आवाज घुमत नसे. सासूबाई आनंदाबाई दाराबाहेर बसून कोंबड्या हाकलत. कान शाबूत, पाय गेलेले. सुनेचं हे वेड त्यांना आवडत होतं की नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण कोणी हाक मारायला आलं की तंबाखू मळत "सून झोपली हाये" असं ठणकावून सांगत.

पहिल्याच दिवशी गिटार किंचाळली. तिचं पोट पोकळ. रेडिओचा आवाज वाढवला की तो त्या पोटात शिरे, तारा आपोआप थरथरत आणि रेडिओतून अशी काही आरोळी निघे की गोठ्यातली म्हैस दावं ओढायची. वासुदेवराव मंडपात रेडिओ लांब ठेवत. इथे खोलीच एवढीशी. रत्नाबाईंनी विचार केला, पोकळ आहे तर भरून टाकू. अंगणातल्या गंजीतून त्यांनी वाळल्या पेंढ्याची तणीस उपसली आणि दोन्ही गिटारींच्या फटींतून बोटाबोटाने आत कोंबली. किंचाळणं थांबलं. आम्हाला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

पण तणीस ही बैलांनी तुडवलेल्या धानाची. तिच्यात कुठे कुठे लोंब्या राहतातच, हे धान पिकवणाऱ्या घरातल्या बाईलाही त्या घाईत सुचलं नाही. आठवडाभरात उंदीर आले. खोलीभर कट्ट्या असताना त्यांना गिटारीतलीच लोंबी गोड लागली. मोठ्या गिटारीच्या आतली केसासारखी बारीक वायर त्यांनी कुरतडून टाकली. रेडिओला जोडली तर नुसती मुकी.

ही बातमी चक्कीवर पोचली. दळण घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला पुंडलिकराव सांगू लागले, की वासुदेवच्या बाईने गिटारीत उंदीर पोसले आहेत, आता ते मंडईला गाणं म्हणतील. रत्नाबाई त्या संध्याकाळी मुक्या गिटारीजवळ बराच वेळ बसल्या. नवऱ्याच्या हातात असायची ती हीच. मला वाटलं, आता त्या दुसरी देऊन टाकतील. दुसऱ्या दिवशी गेले तर धाकट्या गिटारीतली तणीस बाहेर पडली होती आणि त्या स्वतःच्या लग्नातल्या शालूच्या पट्ट्या फाडून आत भरत होत्या.

"हे मले आता कोण नेसू देते?" एवढंच म्हणाल्या.

काम पुन्हा सुरू झालं. मग चक्कीची भानगड निघाली. पुंडलिकरावांची चक्की गभण्यांच्या मागच्या भिंतीला लागून होती. एरवी ती सकाळ-संध्याकाळ चाले. आता दुपारीही चालू लागली, दळण असो वा नसो. भिंतीतून घरघर यायची ती यायचीच, पण वीज एकाच खांबावरून असल्याने रेडिओतूनही एक जाड गुणगुण ऐकू यायची. भरलेलं ऐकलं की गिटारीच्या मागे सतत चक्की. मी म्हटलं, लाईन जाईपर्यंत थांबू. रत्नाबाई म्हणाल्या, लाईन गेली की रेडिओही जाईल. ते मला सुचलंच नव्हतं.

मग सकाळी लवकर वाजवावं असं मी सुचवलं.

"काहून? माझ्या घरी मी कवाबी वाजवीन. त्यांची चक्की चालू द्या डॉक्टरीनबाई. मी तिलेच सुराले लावतो."

त्यांनी खालच्या जाड तारेची खुंटी हळूहळू पिळली आणि तार त्या गुणगुणीशी मिळवली. मिळाली तेव्हा खोलीतला आवाज एकदम एकजीव झाला. चक्की तंबोऱ्यासारखी मागे राहिली आणि भिंतीतून येणारा पट्ट्याचा ठोका त्यांनी ताल म्हणून धरला. त्या दुपारी त्यांनी रोवण्याची गाणी, दंडारीच्या नाचगाण्याच्या चाली, सगळं वाजवलं. वाजवता वाजवताच, अंगठ्याने जाड तार चालू ठेवून, त्या मधूनमधून स्वतःचं नाव बोलल्या. का बोलल्या ते मला तेव्हा कळलं नाही.

मंडईच्या दिवशी भोंगा वरठीच्या भैयाजींचा होता. पिंपळाला बांधलेल्या त्या भोंग्यावर दुपारपासून गाणी लावून आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना बोलवायचं, अशी रीत. रत्नाबाईंनी कॅसेट नेऊन भैयाजींच्या हातात दिली. पुंडलिकराव बाजूलाच होते. त्यांनी थोडी ऐकली. वाजवणं चांगलं आहे हे त्यांच्या कानांना कळत होतं, आणि मंडळाकडे गिटारवाला नव्हता. कॅसेट लावू, पण मधलं नाव नको, असं ते म्हणाले.

"निंगत असन त काढून घ्या," रत्नाबाई म्हणाल्या.

भैयाजींनी टेप मागेपुढे करून पाहिला. नाव सुरांच्या आत होतं. ते काढायचं तर गाणं मोडत होतं. शेवटी भैयाजी वैतागून म्हणाले, की लोक जमायची वेळ झाली, आणि त्यांनी होती तशीच लावून दिली.

दिवस मावळायच्या आधी, चिवड्या-जिलेबीच्या दुकानांवरून, शेतांच्या धुऱ्यांवरून येणाऱ्या बैलबंड्यांवरून रत्नाबाईंचा आवाज गेला. "मी रत्नाबाई वासुदेव गभणे. माझ्या घरी वाजवून राहिलो. तुमी आयका." पुन्हा थोड्या वेळाने तेच. मग पुन्हा. आनंदाबाईंना खाटेसकट देवळाजवळ आणून बसवलं होतं. भोंग्याकडे कान लावून त्या मोठ्याने म्हणाल्या, "अवं, हे मागं घरघरते ते पुंडलिकची चक्की हाये." आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या, मग गडीमाणसंही. रात्री नाटकात गिटार नव्हती. ती नाही हे सगळ्यांना जाणवलं, कारण दुपारभर ती ऐकली होती.

पुढल्या वर्षी पेटी वाजवणारे सोमाजी मंडळात अडून बसले, की बाहेरगावचे लोक गिटारवाली बाई कुठे म्हणून विचारतात. पुंडलिकराव पुन्हा ओसरीवर आले. बसा, पण पडद्यामागे, असं त्यांचं म्हणणं.

"पडद्यामागं बसाचं असन त घरीच बरी आहो."

शेवटी मंचासमोर, पेटी आणि तबला यांच्या मध्ये त्यांना जागा मिळाली. हिरव्या काठाचं लुगडं नेसून त्या आल्या. हिरवा काठ पाहून काही बायांनी नाकं मुरडली. सूत्रधाराने माइकवर कलाकारांची नावं सांगितली. नट, पेटीवाले, तबलजी. गिटारीचं नाव घेतलं नाही. पेटी सुरू झाली, तबला सुरू झाला, रत्नाबाईंचे हात मांडीवर. सोमाजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि भाता थांबवला. तबलाही थांबला. मंडपातली कुजबुज वाढत गेली. मागून कोणीतरी विचारलं, काय झालं म्हणून.

पुंडलिकराव स्वतः उठून माइकजवळ गेले. "गिटारीवर रत्नाबाई," ते म्हणाले.

त्या तशाच बसल्या होत्या.

"रत्नाबाई वासुदेव गभणे," ते म्हणाले, आणि रत्नाबाईंनी तारेला हात लावला.

१९८७ पर्यंत त्या त्या जागेवर बसल्या. नंतर बोटं आखडली म्हणून उठल्या, कोणी उठवलं म्हणून नाही. तोवर प्रत्येक मंडईला त्यांचं नाव पूर्ण घेतलं जाई, आणि ते घेऊन होईपर्यंत सोमाजी भाता हलवत नसत.