आक्कांची चाचणी बंद करणाऱ्यांस

रफीक वारल्याचे त्याच्या कंपनीतल्या वैशालीने अमरावतीहून फोनवर कळवले, तेव्हा मी त्यालाच पत्र लिहीत होतो. तेही तक्रारीचेच होते... आमची ओळखच मुळी माझ्या नोटिशीतून झाली. अकोल्यातील एका खासगी रुग्णालयात माझ्या एकशे एक वर्षांच्या आईला, आक्कांना, नोंदणीच्या संगणकाने वय वर्षे एक ठरवून बालरोग विभागात पाठवले. "सिस्टीम तसंच घेते," काउंटरवरून उत्तर आले. न्यायालयाच्या कचेरीत हयात गेलेल्या माणसाला हे चालणे शक्य नव्हते. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीस मी तीन पानी नोटीस धाडली. उत्तराऐवजी लॅपटॉप घेऊन रफीकच आला.

"काका, माफी नंतर. पयले तुमचं म्हणणं साबित करू," म्हणत त्याने चार ओळींची चाचणी लिहिली: वय एकशे एक दिले, तर एकशे एकच नोंदले जावे. पडद्यावर चाचणी नापास झाल्याची लाल ओळ उमटली आणि तो खूश झाला. "पा, लाल आलं. म्हंजे तुमी खरं बोलून राहिले."

"ते मला नोटीस लिहितानाच ठाऊक होतं."

"तुमाले होतं. मशीनले आता झालं."

मग त्याने चूक दुरुस्त केली, ओळ हिरवी झाली. परंतु चाचणी त्याने पुसली नाही, तिला आक्कांचे नाव दिले. यापुढे प्रणालीत कोणीही एक अक्षर बदलले, तरी ही आणि अशा शेकडो चाचण्या आपोआप चालणार होत्या; एक जरी नापास झाली, तरी नवी आवृत्ती रुग्णालयाकडे जाणार नव्हती. तारीख पडत नाही, साक्षीदार फुटत नाही... असा न्याय मी नोकरीत पाहिला नव्हता. पुढे कैक वर्षे मी तक्रारी लिहिल्या आणि त्याने चाचण्या.

तो जाऊन महिना होत नाही तोच त्याच्या हाताखाली शिकलेल्या वैशालीचा पुन्हा फोन आला. "काका, आक्काची टेस्ट बंद केली. नव्या बदलात फेल जाऊन राहिली होती, अन् सायबाले घाई. म्हणे, आक्का तर कवाच्या वारल्या."

आक्का वारल्या, हे मान्य. शंभरी ओलांडणाऱ्या त्या एकट्याच होत्या काय? मी व्यवस्थापकांस लिहिले, प्रत रुग्णालयास: सदर चाचणी कोणाच्या लेखी आदेशाने बंद केली, ते कळवावे. उत्तर नाही. दुसरे पत्र घेऊन मी स्वतः अमरावतीला कंपनीत गेलो. व्यवस्थापक म्हणाले, "रफीकभाई होते तवा ठीक होतं. आता कोण पायते?"

"मी," म्हणालो, आणि पोच हाती पडेपर्यंत खुर्ची सोडली नाही.

काल कळले, चाचणी पुन्हा लावली. लाल आली. नवी आवृत्ती अडली असून सारे कार्यालय रफीकच्या नावाने बोटे मोडत आहे. मोडावीत. त्या चाचणीच्या रूपाने तो रुग्णालयाच्या दारात उभा आहे. त्याला हलवायचे असेल, तर आधी मला कारण द्यावे लागेल, तेही लेखी.