भरलेल्या गाडीचं माप

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगतो. फक्त चहाचा कप हातात असेल तर आधी खाली ठेवा. मागे हाच किस्सा ऐकताना आमच्या व्याह्यांनी स्वतःच्या धोतरावर सांडला, आणि त्याचाही ठपका माझ्यावरच आला.

तेव्हा पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती नुकत्या उठायला लागल्या होत्या. चिंचवडात माझं कांदा-बटाट्याचं दुकान. शाळा चौथीत संपली, पण खर्चाच्या अंदाजात माझा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. कुणाला घर बांधायचं, कुणाला विहीर खणायची, की आधी माझ्या गादीवर येऊन बसणार. मी आकडा ऐकायचो आणि सांगायचो, यातल्या दर रुपयामागे चार आणे वेगळे ठेवा. कशासाठी, ते आज विचारू नका. लागतील तेव्हा कळेल.

हसू नका. या चार आण्यांनी कितीतरी घरांवर छप्पर चढलंय.

तर माझ्याकडे एक जुना ट्रक होता. मागे माल भरायचा हौदा, त्यावर ताडपत्री टाकायला लोखंडी कमानी, रिबिटांनी पक्क्या ठोकलेल्या. चालवायला गफूरभाई. ट्रक ठेवायच्या गॅरेजला दोन फळ्यांचं लाकडी दार होतं, ते बंद करायला दोन माणसं आणि बरीच शिवीगाळ लागायची. त्यात एकदा कुणीतरी आतून बॅटरीच पळवली. मी ठरवलं, बास. पुण्यातल्या पेढ्यांना असतं तसं लोखंडी शटर बसवायचं.

अंदाज काढला. शटर, बसवणावळ, गाडीभाडं. त्यावर माझे चार आणे. आणि काय सांगू, एकेक खर्च असा चालत आला जणू मी आमंत्रण धाडलं होतं. जुनी चौकट काढली तर आतून वाळवीनं खाल्लेली. चौकटीबरोबर भिंतीचा कोपरा आला. कोपऱ्यासाठी विटा, चुना, गवंडी. उंबऱ्याची फरशी एका बाजूला खचलेली, म्हणून शटर जमिनीला टेकेना. ती उखडून पुन्हा बसवली. सगळं चार आण्यांत बसलं, वर थोडे उरले. मी गावभर सांगत फिरलो. शेजारचे सोपानराव म्हणाले, "आप्पा, तुमच्यापुढं सरकारनं बजेट घिऊन यावं." मी नको नको म्हणालो, पण तसं फार जोरात नाही.

माप? माप तर मी स्वतः घेतलं होतं. शटर वर गुंडाळलं जातं, त्या गुंडाळीची पत्र्याची पेटी दाराच्या वरच्या अंगाला खाली लोंबते, हातभर उंची खाते. हे मला ठाऊक होतं. म्हणून ट्रक दारात उभा करून काठीनं मोजलं. कमानीच्या वर चार बोटं जागा राहत होती. चार आणे, चार बोटं. हिशेब कसा देवासारखा जुळला.

आता इकडे लक्ष द्या. सोपानरावांच्या बबनचं लग्न ठरलं होतं. मुलगी चाकणची. तिचे वडील बाबूराव, माझा कांदा त्यांच्याच शेतातून यायचा, आणि हे स्थळ मीच सुचवलेलं. त्या भरात मी जाहीर केलं, की वऱ्हाड माझ्या ट्रकमधून जाईल, हाच माझा आहेर. सोपानरावांनी त्या भरवशावर दुसरी गाडी बघितलीच नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी शटरचा शुभारंभ केला. नव्या दारातून रिकामी गाडी आत नेऊ नये, घरात भरलेलं यावं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून बाबूरावांकडूनच घेतलेला कांदा काठोकाठ भरून ट्रक आणवला. लग्नाच्या खर्चापायी ते माल काढत होते, तरी मी भाव पाडूनच घेतला होता. व्यापार वेगळा, सोयरीक वेगळी. नारळ फोडला. ट्रक कमानींसकट पेटीखालून असा सरकला, की जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग आतल्या दारानं कांदा वखारीत उतरवला, हौदा धुतला, झेंडूच्या माळा बांधल्या.

सकाळी वऱ्हाड दारात. बबन मुंडावळ्या बांधून, बायका नव्या लुगड्यांत, ताशेवाला ताशा शेकून तयार. मुहूर्त दुपारच्या आतला, आणि चाकण काही गल्लीपलीकडे नाही. मी ऐटीत शटर वर ढकललं. गफूरभाईंनी गाडी पुढे घेतली.

कर्रर्र करून कमान पेटीला अडकली.

मी म्हटलं, सरळ घ्या की. ते म्हणाले, सरळच आहे. मागे घेतली, पुन्हा पुढे. पुन्हा कर्रर्र. गफूरभाई खाली उतरले, कमानीकडे पाहिलं, दाढी खाजवली आणि गंभीरपणे म्हणाले, "शेठ, गाडी रात्रीत वाढली."

मी त्यांच्यावर डाफरलो. लोखंड काय बाळ आहे वाढायला? मग दोष माळांवर गेला. माळा काढल्या. तरी अडकलीच. मग मी ठरवलं, की रात्रीत भिंत बसली आणि शटर खाली आलं. गवंड्याला घरून उठवून आणला. तो बिचारा दातवण तोंडात घेऊन भिंतीला ओळंबा लावून बघतोय, मी त्याला चुन्याची प्रत विचारतोय, आणि सोपानराव माझ्या कानाशी, "आप्पा, मुहूर्त." गवंडी म्हणाला, भिंत जागची हललेली नाही. मग मी नव्या फरशीवर संशय घेतला. ती फुगली असावी, असं मी चारचौघांत म्हणालो. फरशी फुगली! आज आठवलं तरी कान गरम होतात.

गफूरभाई म्हणाले, टायरांची हवा सोडू. पण पुन्हा भरायची तर हातपंपानं, आणि तेवढ्यात लग्न उरकून पंगती उठल्या असत्या. कमानी कापायच्या तर लोहार आळंदीला गेलेला. सकाळची एस.टी. केव्हाच निघून गेली होती. बबनचा चेहरा पाहवेना. त्याची आई मला ऐकू जाईल इतपत हळू म्हणाली, "आमी बैलगाडी सांगणार व्हतो. ह्यांनीच न्हाई म्हणलं."

बबनचे मामा मोशीचे किसन पैलवान. त्यांना उभं राहायचा कंटाळा आला. ते म्हणाले, निघंल तवा निघंल, मी आपला बसतो. आणि गॅरेजात शिरून हौद्यात चढले.

ट्रक कुरकुरला आणि मागून खाली बसला.

गफूरभाईंनी कमानीकडे पाहिलं. मग पैलवानांकडे. मग माझ्याकडे, आणि ते पाहणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"शेठ," ते म्हणाले, "मोजली तेव्हा गाडी भरलेली होती का?"

होती. भरलेलीच होती. अहो, मी व्यापारी माणूस. ट्रक रिकामा उभा म्हणजे माझा तोटा. त्यामुळे माझ्या डोक्यात ट्रक म्हटला की तो भरलेलाच. ओझ्यानं चाकांवरचे पोलादी पाटे दबतात आणि गाडी बसते, ओझं उतरलं की उठते, हे जन्मभर डोळ्यांनी बघत आलो होतो. पण काठी हातात घेतल्यावर आठवेल तर शपथ.

मग काय, वऱ्हाड अंधाऱ्या गॅरेजात शिरून ट्रकमध्ये बसलं. बसलं तरी दोन बोटं कमी पडलीच! माणसं ती, कांद्याइतकी कुठली भरणार? मी वखारीतून पोती काढायला लावली. बायकांच्या पायांखाली पोती, ताशेवाल्याच्या खाली पोतं, नवरदेव तर पोत्यावरच बसला. मान खाली घाला, मान खाली घाला, असं ओरडत ट्रक पेटीखालून बाहेर आला, आणि ताशेवाल्यानं तिथंच ताशा वाजवायला घेतला. पोती उतरवायला वेळ कुणाला होता?

इंद्रायणी ओलांडली, गफूरभाईंनी जीव तोडून गाडी हाकली, आणि मुहूर्ताला आम्ही मांडवाच्या दारात. बबनला वेळेवर उभं केलं, तिथं माझा जीव भांड्यात पडला. पण व्याही मंडळी बघताहेत काय? चाकणला, जिथं घराघरात कांदा, तिथं वरपक्ष कांद्याच्या पोत्यांवर बसून आलाय.

बाबूरावांनी पोत्याची शिवण ओळखली. त्यांच्याच घरची. हात जोडून मला बाजूला घेतलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "आप्पा, भाव पसंत न्हाई म्हून माल परत आणला व्हय?"

मी म्हणालो, छे, छे, हा तर लग्नघराला आहेर. तोंडातून शब्द निघेपर्यंत आचाऱ्यांनी पोती उचलून चुलाण्याकडे नेली सुद्धा. पंगतीत भजी फार सुरेख झाली होती, असं सगळे म्हणाले. मी एकेका भज्यात किती कांदा गेला ते मोजत होतो.

संध्याकाळी निघताना गफूरभाई शेजारी येऊन उभे राहिले. "शेठ, आत कशी घालणार?"

खरंच की. आत जायलाही ओझं पाहिजेच. गाडी बाहेर ठेवावी तर बॅटरी जायची, आणि मग शटर कशाला बसवलं? मी बाबूरावांकडे गेलो आणि तेवढाच कांदा पुन्हा मागितला. त्यांनी भाव सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस न करता मान हलवली. चार आण्यांतले उरलेले तर गेलेच, वर खिशातलेही गेले.

पुढे लोहाराकडून कमानी कमी करून घेतल्या आणि प्रकरण मिटलं, असं मी समजत होतो. थोड्याच दिवसांत आकुर्डीचे एक गृहस्थ घराचा अंदाज विचारायला आले. मी सवयीनं म्हणालो, दर रुपयामागे चार आणे वेगळे ठेवा.

त्यांनी मान डोलावली आणि शांतपणे विचारलं, "आप्पा, हा अंदाज भरलेल्या गाडीचा, का रिकाम्या?"