पाटावर बसवलेला राखणदार

त्या गृहस्थाचे नाव मी कधी विचारले नाही. अर्जात लिहायचे नसेल तर मी कोणाचे नाव विचारीत नसतो. बेळगावात कचेरीसमोर माझे अर्जलेखनाचे दुकान आहे. इंटरनेटच्या वाटेने तेथे चोर शिरू नयेत म्हणून त्याने एका जुन्या संगणकाला पेनड्राईव्ह खोचून दिला होता. दुकानातले सारे इंटरनेट त्या संगणकातून येई, आणि चोर अडवणारा राखणदार, म्हणजे फायरवॉल, त्या पेनड्राईव्हातूनच चाले. येताजाता लेकराचा ताप पाहावा तसा तो त्या संगणकावर पालथा हात ठेवी.

खंडेनवमीस आयुधे पुजावीत, हा आपला धर्म. मी लेखणीशेजारी तो पेनड्राईव्हही उपसून पाटावर मांडला व यथासांग हळदकुंकू वाहिले. इंटरनेट तत्क्षणी बंद पडले. समोर वडगावची एक विणकरीण बसली होती. लेकीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज पाठवण्याची ती अखेरची दुपार होती.

"अण्णा, पोरीचं वरीस जाईल हो!" ती रडकुंडीला आली.

फोन करताच तो गृहस्थ आला आणि सदऱ्याच्या टोकाने पेनड्राईव्हवरचे कुंकू पुसू लागला.

"अण्णा, राखणदाराला ओवाळायचं तर दारातच ओवाळा की! पाटावर बसवलासा, मग दार कोण राखायचं?"

"शास्त्र आहे ते," मी सुनावले.

"व्हय, लई भारी शास्त्र. आता फुंकर मारा."

मी मारली. त्याने पेनड्राईव्ह पुन्हा खोचला, संगणक सुरू झाला, अर्ज गेला. बाईने वाकून नमस्कार केला तो संगणकाला. आम्हां दोघांकडे तिने पाहिलेही नाही. तेव्हा त्या टवाळाने माझ्या ताटातले चिमूटभर कुंकू उचलले आणि संगणकाच्या कपाळी लावले.